युद्धाची स्मृती : कलिंगाच्या शिलालेखापासून कोरेगावच्या स्तंभापर्यंत

काही वर्षांपूर्वी पालीच्या वर्गात संयुत्तनिकायाचे वाचन चालू असता एका विद्यार्थिनीने प्रश्न केला. ती म्हणाली, "सर, विजयादशमीला आपण दीक्षाभूमीवर जातो, तेव्हा युद्धाचा पश्चात्ताप करणाऱ्या अशोकाचे स्मरण करतो. नंतर अडीच-तीन महिन्यांनी, १ जानेवारीला, कोरेगावला जातो आणि ज्यांनी शस्त्र चालवले त्यांना मानवंदना देतो. एकाच धम्माच्या उपासकाला या दोन्ही गोष्टी कशा साधतात ?" त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते वर्गापुरते ठीक होते, पण घरी परतताना ते मला स्वतःलाच पुरेसे वाटेना. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती होय.

या प्रश्नाचा निर्णय भावनेच्या भरात करता येणार नाही. युद्धाची स्मृती कोण जतन करतो, कोणत्या साधनाने करतो आणि त्या स्मृतीत कोणाला जागा देतो व कोणाला वगळतो, हे आधी पाहावे लागेल. त्यासाठी शिलालेख, तिपिटक व अट्ठकथा, स्तूपांवरील शिल्पे आणि वंसग्रंथ अशी चार प्रकारची साधने आपल्या हाती आहेत. ती परस्परांशी ताडून पाहिली असता काही अनपेक्षित गोष्टी समोर येतात.

तेरावा शिलालेख

अशोकाचा तेरावा शिलालेख हा प्राचीन जगातील एक अपूर्व दस्तऐवज आहे. राजांनी आपल्या विजयांच्या प्रशस्ती कोरून ठेवाव्यात ही रीत इराणपासून मिसरपर्यंत सर्वत्र होती. परंतु विजयाचा लेख कोरावा आणि त्यात विजयाबद्दल दुःख व्यक्त करावे, ही गोष्ट अन्यत्र सहसा आढळत नाही. अभिषेकाला आठ वर्षे झाली असता, म्हणजे इ.स.पूर्व २६१ च्या सुमारास, कलिंग जिंकले गेले, असे लेख सांगतो. दीड लक्ष माणसे तेथून नेली गेली, एक लक्ष मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली, असे आकडे तो देतो. येथे 'मारली गेली' आणि 'मेली' असा जो भेद केला आहे तो लक्षात घेण्याजोगा आहे. रणांगणात पडलेल्यांच्या मागून उपासमारीने, रोगराईने आणि निराधारपणाने मरणाऱ्यांची गणती विजेता सहसा करीत नाही. अशोकाने ती केली.

पुढचा भाग त्याहूनही सूक्ष्म आहे. युद्धात हानी होते ती केवळ योद्ध्यांची नव्हे. मातापित्यांची सेवा करणारे, वडीलधाऱ्यांचा मान राखणारे, मित्र, सोबती, नातलग आणि दास-सेवक यांच्याशी नीट वागणारे जे श्रमण, ब्राह्मण व गृहस्थ तेथे राहतात, त्यांच्या वाट्याला घात, मृत्यू किंवा प्रियजनांचा वियोग येतो. जे स्वतः सुखरूप राहिले, त्यांचेही स्नेही संकटात सापडले म्हणजे तो आघात त्यांच्यावरच होतो. मोडून पडलेल्या घरात मागे उरलेल्या माणसाचे दुःख हे युद्धाचे खरे मोजमाप आहे, ही जाणीव येथे राजाच्या तोंडून प्रकट झाली आहे. त्या वेळी कलिंगात जेवढे लोक बळी पडले त्यांचा शंभरावा किंवा हजारावा अंश जरी आज बळी पडला, तरी आपल्याला ते जड वाटेल, असे तो म्हणतो. शस्त्राने मिळवलेल्या विजयापेक्षा धम्मविजय श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढून आपल्या पुत्रपौत्रांनी नव्या विजयाची हाव धरू नये, अशी अपेक्षा तो व्यक्त करतो.

येथपर्यंतचा भाग आपल्या परिचयाचा आहे. परंतु संपूर्ण लेख वाचणाऱ्याला आणखी दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पहिली ही की, याच लेखात राज्यातील अरण्यवासी जमातींना समज देताना, राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या अंगी दंड करण्याचे सामर्थ्य आहे, याचीही आठवण करून दिली आहे. दुसरी ही की, कलिंग परत केल्याचा किंवा नेलेल्या दीड लक्ष माणसांना घरी धाडल्याचा उल्लेख या लेखात नाही. अशोकाबद्दल आदर बाळगूनही हे नमूद केले पाहिजे. आदर आणि चिकित्सा यांत विरोध मानणे ही बुद्धाच्या अनुयायांची रीत नव्हे.

कलिंगातच नसलेला लेख

आता भूगोलाकडे वळू. तेरावा शिलालेख शाहबाजगढी, मानसेहरा, कालसी, गिरनार, एर्रागुडी येथे आहे. कंदाहार येथे १९६३ साली सापडलेल्या ग्रीक लेखात बाराव्याचा शेवट व तेराव्याचा प्रारंभ आहे; म्हणजे कलिंगातील मृतांची संख्या ग्रीक भाषेतही भाषांतरित झाली होती. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये मिळाला. तेराव्याचा भाग तेथे मिळालेला नाही.

परंतु प्रत्यक्ष कलिंगात, धौली आणि जौगड येथील खडकांवर, तेरावा लेख नाही. तो नष्ट झाला असे म्हणता येत नाही. तो तेथे कोरलाच गेला नाही. अकरावा, बारावा व तेरावा हे तीन लेख वगळून त्यांच्या ऐवजी दोन स्वतंत्र लेख तेथे कोरले आहेत. ते तोसली आणि समापा येथील महामात्रांना उद्देशून आहेत. सर्व माणसे ही आपल्या अपत्यांसारखी आहेत, हा प्रसिद्ध विचार त्यांतच येतो. विनाकारण कोणाला कैदेत टाकू नये, छळू नये; मत्सर, क्रोध, निष्ठुरता, उतावीळपणा व आळस यांपासून अधिकाऱ्यांनी दूर राहावे, असे त्यांत बजावले आहे. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, अशीही आज्ञा आहे.

या वगळण्याचा अर्थ काय लावावा ? जित लोकांसमोर त्यांच्या कत्तलीचे आकडे मांडणे राजकीय दृष्ट्या गैरसोयीचे होते, असे अनेक अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर पश्चात्ताप ज्यांच्यापुढे व्यक्त व्हायला हवा होता त्यांनाच तो ऐकवला गेला नाही, असे म्हणावे लागेल. दुसरा अर्थही शक्य आहे. ज्या घरातले माणूस मारले गेले त्या घराला मारणाऱ्याने आपले दुःख सांगणे हे कधी कधी निर्लज्जपणाचे ठरते. त्या घराला हवा असतो तो न्याय. कलिंगाच्या जनतेला अशोकाने आपले मन उघडे करून दाखवले नाही, तर आपल्या अधिकाऱ्यांना त्या जनतेवर जुलूम करण्यास बंदी केली. मला दोन्ही अर्थ एकत्रच खरे वाटतात. मात्र दोन्ही अर्थ घेतले तरी एक उणीव उरतेच. त्या एक लक्ष माणसांपैकी एकाचेही नाव कोणत्याही खडकावर नाही. विजेत्याने त्यांना मोजले, परंतु त्यांची नावे त्याने विचारली नाहीत.

ग्रंथांचे मौन

याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे बौद्ध ग्रंथांनी कलिंगाचे युद्ध स्मरणातच ठेवले नाही. दीपवंस व महावंस यांत अशोकाच्या परिवर्तनाचे श्रेय निग्रोध श्रामणेराला दिले आहे. संस्कृत अशोकावदानात ते समुद्र नावाच्या भिक्खूकडे जाते. दोन्ही परंपरांना अशोकाची पूर्वीची क्रूरता रंगवायची आहे; तरीही कलिंगाचा उल्लेख कोणीही करीत नाही. परिवर्तन घडते ते भिक्खूच्या दर्शनाने. मृतांच्या दर्शनाने नव्हे. संघाच्या लेखकांना संघाचे माहात्म्य सांगायचे होते, म्हणून असे झाले असावे. परिणाम असा झाला की १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडेपर्यंत आणि त्यानंतर हे लेख वाचले जाईपर्यंत कलिंगाचे मृत दोन हजार वर्षे विस्मृतीत राहिले. देवानंपिय पियदसी म्हणजेच अशोक, याचा निर्विवाद शिलालेखीय पुरावा तर १९१५ मध्ये मस्की येथे मिळाला. आज शाळकरी मुलाला कलिंग माहीत आहे, ते दगडामुळे, पोथीमुळे नव्हे.

विजयादशमीविषयीही येथेच एक गोष्ट सांगून टाकतो. शिलालेखात वर्ष आहे, तिथी नाही. अशोक विजयादशमी ही तिथी लोकस्मृतीने धरून ठेवली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला नवा इतिहास दिला. लोकस्मृतीला शिलालेखाचा आधार नसला म्हणून ती क्षुद्र ठरत नाही. परंतु आपल्याजवळ दगड कोणता आणि स्मृती कोणती, याचे भान अभ्यासकाने राखले पाहिजे.

तिपिटकातील योद्धा

कलिंगाविषयी ग्रंथ मौन बाळगतात याचा अर्थ पाली साहित्याला युद्ध ठाऊक नव्हते असा नव्हे. कोसलसंयुत्तात दोन लहान सुत्ते लागोपाठ येतात. पहिल्यात अजातशत्रू पसेनदीचा पराभव करतो आणि कोसलराज श्रावस्तीत परततो. त्यावर तथागत म्हणतात की, जिंकणारा वैर निर्माण करतो आणि हरणाऱ्याला सुखाची झोप लागत नाही. दुसऱ्या सुत्तात पारडे फिरते. पसेनदी आपल्या भाच्याला जिवंत पकडतो, त्याचे हत्ती, घोडे, रथ व पायदळ काढून घेतो आणि त्याला सोडून देतो. येथे वाचकाची अपेक्षा अशी असते की, जीवदान देणाऱ्या आपल्या उपासक राजाची तथागत स्तुती करतील. तसे घडत नाही. लुटणारा पुढे लुटला जातो आणि कर्माचे चाक असेच फिरत राहते, एवढेच ते सांगतात. बुद्धाचा मित्र असलेल्या राजाचा विजयही येथे गौरवला गेला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

गामणिसंयुत्तातील योधाजीव सुत्त त्याहून मर्मभेदी आहे. युद्धावर उपजीविका करणारा एक ग्रामणी भगवंतांना विचारतो की, रणात लढताना मारला जाणारा योद्धा स्वर्गात जातो असे आमचे पूर्वाचार्य सांगत आले आहेत. आपले म्हणणे काय? भगवान दोनदा त्याला थांबवतात. तिसऱ्यांदा ते सांगतात की, ज्याचे मन त्या क्षणी इतरांचा नाश व्हावा या इच्छेने मलिन झालेले असते, त्याला स्वर्ग मिळत नाही. उलट त्याची दुर्गतीच होते. हे ऐकून ग्रामणी रडू लागतो. मात्र उत्तराचे आपल्याला दुःख नाही, असे तो सांगतो. पूर्वाचार्यांनी आपल्याला एवढा काळ फसवले, या जाणिवेने त्याला रडू आले.

रणात मेलेल्याला स्वर्गाचे आश्वासन देणाऱ्या गीतेच्या शेजारी हे सुत्त ठेवून वाचावे. एकीकडे शंकाकुल योद्ध्याला लढण्यास उभे केले जाते. दुसरीकडे निःशंक योद्ध्याला सत्य सांगून रडू दिले जाते. भारतीय साहित्यात सैनिकाची फसवणूक झाली आहे असे उघड म्हणणारे आणि त्याचे अश्रू नोंदवणारे इतके जुने दुसरे स्थळ माझ्या वाचनात नाही.

रोहिणी आणि कपिलवस्तू

सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गातील अत्तदंड सुत्त हे भाषेच्या दृष्टीने अतिप्राचीन मानले जाते. त्यात भगवान स्वतःला झालेल्या संवेगाची कथा सांगतात. आटत चाललेल्या पाण्यातील मासे तडफडावेत तशी माणसे परस्परांशी झगडताना त्यांना दिसली आणि भय वाटले. मग त्यांना माणसाच्या हृदयात रुतलेले शल्य दिसले. अट्ठकथेने या सुत्ताचा संबंध रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या शाक्य व कोलिय यांच्या कलहाशी जोडला आहे.

या कलहाची अट्ठकथेतील हकीकत कोणत्याही काळाच्या वाचकाला ओळखीची वाटेल. जेठ महिना, सुकत चाललेली पिके आणि दोन्ही तीरांवरचे शेतमजूर. पाण्यावरून शब्दाला शब्द वाढतो आणि मग एकमेकांच्या कुळांची निंदा सुरू होते. ती निंदा राजकुलांच्या कानी जाते आणि सैन्ये सज्ज होतात. भगवान तेथे येऊन विचारतात, हा कलह कशाचा ? राजांना सांगता येत नाही. ते सेनापतीला विचारतात, सेनापती उपराजाला. असे विचारत विचारत प्रश्न शेवटी दास व मजुरांपर्यंत पोहोचतो. पाण्याचा, असे उत्तर त्यांच्याकडून मिळते. मग पाण्याचे मोल किती आणि माणसांचे किती, असा प्रश्न भगवान करतात. लढायला निघालेल्यांना लढाईचे कारण ठाऊक नसावे आणि ते केवळ राबणाऱ्याला ठाऊक असावे, हे अट्ठकथाकाराचे निरीक्षण एका फार शहाण्या लेखकाचे आहे.

रोहिणीचे युद्ध टळले. कपिलवस्तूचे टळले नाही. पसेनदीने शाक्यांकडे राजकन्या मागितली तेव्हा कुलाभिमानी शाक्यांनी महानामाला दासीपासून झालेली वासभखत्तिया त्याला दिली. तिचा पुत्र विडूडभ आजोळी आला. तो परत निघाल्यावर, तो ज्या आसनावर बसला होता ते दासीपुत्राचे आसन म्हणून दूधपाण्याने धुतले गेले. ही गोष्ट त्याला कळली, आणि राजा झाल्यावर तो सैन्य घेऊन निघाला. भगवान तीनदा वाटेत जाऊन बसले. विरळ सावलीच्या झाडाखाली का बसलात, असे विडूडभाने विचारले तेव्हा आपल्या माणसांची सावली शीतल असते, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि तो परत फिरला. चौथ्यांदा मात्र भगवान गेले नाहीत. शाक्यांची कत्तल झाली.

शाक्यांनी पूर्वजन्मी नदीत विष कालवले होते, त्याचे हे फळ, असा खुलासा अट्ठकथा करते. हा खुलासा दुःखाचे समाधान शोधणाऱ्या नंतरच्या मनाचा आहे, असे मला वाटते. कथेला त्याची गरज नाही. कथेतच कारण स्वच्छ आहे : एका मुलाने बसलेला पाट धुतला गेला. ज्या समाजात विटाळाच्या नावाने पाट, पाणवठा आणि पायरी धुण्याची रीत विसाव्या शतकापर्यंत चालली, त्या समाजातील वाचकाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. तथागतांचे स्वतःचे कुळही जातिगर्वापायी नष्ट झाले, हे आपल्या परंपरेने लपवले नाही. ही तिची मोठीच प्रामाणिकता होय.

सांचीच्या तुळईवर

आता शिल्पाकडे वळू. सांचीच्या मुख्य स्तूपाच्या दक्षिण तोरणावर, सर्वांत खालच्या तुळईच्या मागील बाजूस, कुशिनाराचा वेढा कोरलेला आहे. तट आहे, तटावरून लढणारे मल्ल आहेत, हत्ती, घोडे, रथ व धनुर्धर यांची गर्दी आहे; आणि दोन्ही टोकांना हत्तींच्या मस्तकांवर अस्थिधातू घेऊन परतणारे राजे आहेत. महापरिनिब्बान सुत्तानुसार ही लढाई झालीच नाही. आठ वाटेकरी धातूंसाठी हट्टाला पेटले असता दोण ब्राह्मणाने क्षमेचा उपदेश करणाऱ्या शास्त्याच्या अस्थींसाठी रक्तपात करणे शोभणारे नाही, अशी समजूत घातली आणि आठ वाटे केले. शिल्पकाराने न झालेले युद्ध एवढ्या तपशिलाने का कोरले असावे ? माझ्या मते, उपासकाने प्रदक्षिणा करताना आपण कोणत्या टोकापर्यंत गेलो होतो हे पाहावे, यासाठी. बुद्धावरील प्रेमही शस्त्र उपसू शकते, ही सूचना या शिळेत आहे.

याच दक्षिण तोरणाच्या वरच्या तुळईवर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याचा दानलेख आहे. खांबावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचा आहे. सांचीत असे शेकडो दानलेख असून त्यांत भिक्खू-भिक्खुणींची, गृहिणींची आणि कष्टकऱ्यांची नावे आहेत. आपल्याकडे कार्ल्याला सुताराचे, कुड्याला माळ्याचे आणि कान्हेरीला लोहाराचे नाव कोरलेले आढळते. राजाच्या युद्धात ज्याचा केवळ आकडा झाला असता, त्या सामान्य माणसाला बौद्ध लेण्यांनी व स्तूपांनी स्वतःचे नाव दगडावर दिले. हा मुद्दा पुढे कोरेगावच्या संदर्भात उपयोगी पडेल.

महावंसातील सावली

आपल्या परंपरेचा गौरव सांगताना तिच्यावरील डागही दाखवला पाहिजे. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील महावंस हा सिंहली राजा दुट्ठगामणीने एळार या तमिळ राजावर मिळवलेल्या विजयाचे वर्णन करतो. विजयानंतर दुट्ठगामणीला अशोकाप्रमाणेच मृतांच्या आठवणीने अस्वस्थता येते. तेव्हा आठ अर्हत येऊन त्याची समजूत काढतात. तुझ्या हातून दीडच माणूस मेला, एक त्रिशरण घेतलेला आणि एक पंचशील घेतलेला. बाकीचे पशुतुल्य होते, असे ते त्याला सांगतात. त्याच महावंसात दुट्ठगामणीने एळाराचे स्मारक उभारून तेथून जाताना वाद्ये बंद ठेवण्याची आज्ञा दिल्याचेही नमूद आहे; म्हणजे राजाची सहृदयता त्या अर्हतांच्या उपदेशाहून मोठी होती.

पाली जाणणाऱ्याने या उताऱ्याबद्दल संदिग्ध बोलू नये. जो धम्म योधाजीव ग्रामणीला सत्य सांगून रडू देतो, त्याच धम्माच्या नावाने येथे राजाचे अश्रू पुसण्यासाठी मृतांचे माणूसपण काढून घेतले गेले. काही माणसे पुरती माणसेच नव्हेत, ही भाषा आपण दुसऱ्या ग्रंथांतून ऐकली आहे आणि तिचे चटके पिढ्यान् पिढ्या सोसले आहेत. ती आपल्या ग्रंथात आली म्हणून पवित्र ठरत नाही. श्रीलंकेत १९८३ ते २००९ या काळात झालेल्या भीषण यादवी युद्धाकडे पाहता, अशा उताऱ्यांची चिकित्सा हा केवळ पंडितांचा विषय नव्हे, हे पटेल.

बाबासाहेबांची रोहिणी

येथे बाबासाहेबांच्या ग्रंथाचे महत्त्व कळते. चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही रूढ कथा त्यांनी नाकारली. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत एखाद्याने म्हातारा, रोगी व प्रेत पाहिलेच नाही, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या आधी गोव्यातून निघून पालीसाठी सिंहलद्वीपापर्यंत गेलेले आचार्य धर्मानंद कोसंबी यांनीही ही कथा मुळात विपस्सी बुद्धाची असल्याचे दाखवून अत्तदंड सुत्ताकडे लक्ष वेधले होते. बाबासाहेबांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात परिव्रज्येच्या मुळाशी युद्धाचा प्रश्नच ठेवला.

शाक्य संघाच्या सभेत सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि निवाडा करावा, असे सुचवतो. ठराव बहुमताने मंजूर होतो. आपण सैन्यात सामील होणार नाही, असे तो सांगतो तेव्हा त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालण्याची व जमिनी जप्त करण्याची धमकी मिळते. घरच्यांना शिक्षा होऊ नये म्हणून तो स्वतः देशत्याग पत्करतो. महाडच्या सत्याग्रहानंतर गावोगावचे बहिष्कार पाहिलेल्या माणसाने हा प्रसंग लिहिला आहे, हे वाचताना जाणवते.

पुढे शाक्य व कोलिय यांच्यात समेट झाल्याची वार्ता येते. मग सिद्धार्थाने घरी का परतू नये ? बाबासाहेबांचे उत्तर या लेखाच्या मूळ प्रश्नाला थेट भिडणारे आहे. राष्ट्राराष्ट्रांतील युद्ध अधूनमधून होते. समाजातील वर्गावर्गांतला संघर्ष मात्र अखंड चालतो आणि जगातील दुःखाचे मूळ तेथे आहे. त्या दुसऱ्या युद्धाला रणशिंग नसते आणि तहही नसतो. त्यात पडलेल्यांची गणती कोणी करीत नाही. अहिंसेचा अर्थ सांगताना याच ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची निकड यांत भेद केला आहे. हिंसेचा गौरव त्यांना नको होता. पण अन्यायापुढे मान तुकवण्याला अहिंसा म्हणणेही मान्य नव्हते.

स्तंभावरील नावे

आता कोरेगावकडे वळू. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी ईस्ट इंडिया कंपनीच्या तुकडीची दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या फौजेशी लढाई झाली. त्यानंतर कंपनीने तेथे स्तंभ उभारला तो स्वतःच्या पराक्रमाची द्वाही फिरवण्यासाठी. अस्पृश्यांच्या मुक्तीसाठी नव्हे. लढणाऱ्या महार शिपायांचा पगार कंपनीचा होता आणि राज्यही कंपनीचेच येणार होते. स्तंभावरील लेख विजेत्याचा आहे.

परंतु त्या लेखात नावे आहेत. पडलेल्या एकोणपन्नास शिपायांची नावे तेथे कोरली असून त्यांतील बावीस 'नाक' या प्रत्ययाने संपणारी, म्हणजे महारांची आहेत. इतर जातिधर्मांचे शिपाईही त्याच शिळेवर आहेत. ज्या पेशवाईत सावलीचाही विटाळ मानला जात होता, तिच्या राजधानीपासून काही कोसांवर त्याच माणसांची नावे दगडावर उमटली. कलिंगाच्या एक लक्ष मृतांना जे मिळाले नाही ते या बावीसांना मिळाले.

याच माणसांच्या वंशजांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनीच सैन्यात घेणे बंद केले, तेव्हा विजेत्याच्या स्तंभाचा खरा वारसदार कोण हे स्पष्ट झाले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सैन्यभरतीसाठी सरकारकडे अर्ज करताना समाजाच्या लष्करी सेवेचाच दाखला दिला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्तंभाजवळ आले. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. पहिलीत आपल्या पूर्वजांच्या अंगी धैर्य होते ही आठवण आहे. दुसरीत ते धैर्य शस्त्रावाचून वापरले गेले. बाबासाहेबांनी लोकांना कोरेगावहून रणांगणावर नेले नाही, पाणवठ्यावर नेले. रोहिणीचा प्रश्नही पाण्याचाच होता.

म्हणून माझ्या विद्यार्थिनीला आज मी असे सांगेन. कोरेगावला आपण वंदन करतो ते मारण्याला नव्हे. ज्यांना समाजाने नाव नाकारले, त्यांच्या नावांना वंदन करतो. तेथे नतमस्तक होताना समोरच्या फौजेत पडलेलेही कोणाचे तरी मुलगे होते, आणि त्यांची नावे त्या स्तंभावर नाहीत, हेही आपण जाणले पाहिजे. त्यांचा द्वेष ही मानवंदनेची अट नाही. १ जानेवारी २०१८ रोजी, दोनशेव्या स्मृतिदिनी, या परिसरात हिंसा झाली आणि जीवितहानीही झाली. ज्या स्मृतीची चिकित्सा केली जात नाही, तिच्याभोवती नवे वैर किती सहज उभे राहते हे त्या दिवशी दिसले. त्याला उत्तर म्हणून विस्मरण स्वीकारणे चुकीचे आणि वैर जोपासणेही चुकीचे. ज्ञानपूर्वक स्मरण हाच धम्माचा मार्ग आहे. पालीत 'सति' या शब्दाचा मूळ अर्थ स्मरण असाच आहे, आणि सम्मासति हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे.

कोरेगावहून भीमा आग्नेयेकडे वाहत कर्नाटकात जाते. तिच्याच काठी, कलबुर्गी जिल्ह्यात, सन्नती हे गाव आहे. तेथील मंदिरात अशोकाचा एक शिलापट्ट सापडला. त्यावर बारावा लेख आहे, चौदावा आहे आणि कलिंगातील ते दोन स्वतंत्र लेखही आहेत; तेरावा मात्र तेथेही नाही. जवळच कनगनहळ्ळी येथील स्तूपाच्या उत्खननात राण्या व परिचारिकांसह असलेले अशोकाचे शिल्प त्याच्या नावासह मिळाले. एकाच नदीच्या वरच्या अंगाला सामान्य शिपायांची नावे असलेला स्तंभ आहे आणि खालच्या अंगाला सर्व माणसांना अपत्ये म्हणणाऱ्या राजाचा लेख आहे. पुढील १ जानेवारीस कोरेगावला जाणाऱ्यांनी सवड काढून कधीतरी सन्नतीलाही जावे. तेथे जो तेरावा लेख कोरलेला नाही, तो आपण घरून पाठ करून न्यावा आणि त्या शिलापट्टासमोर मोठ्याने वाचावा.